गोवऱ्यांवर पडण्याआधी लिहून ठेवलेलं

लिहून ठेवतो मी, हरिबा धुळाजी देवकते, वय चोविसाच्या आसपास (शाळेच्या दाखल्यावर वेगळं आहे, आई म्हणते तेच खरं धरावं), धंदा फिरस्ती, मूळ राहणार लिंबागणेशच्या शिवारातली वस्ती, हल्ली मुक्काम चारा छावणी, मौजे हिवरपांढरी, तालुका आष्टी, जिल्हा बीड, की हा कागद माझं मृत्युपत्र आहे आणि मी तो राजीखुशीनं करतो. दारू प्यालेलो नाही. डोकं ठिकाणावर आहे. कुणी धाक घातलेला नाही. धाक आहे, पण तो माणसाचा नाही, पोत्यांचा आहे. त्याचं पुढं येईल.

कागद राधाकिशनभाऊंनी दिला. ते इथल्या दूध संस्थेचे सेक्रेटरी. छावणी संस्थेचीच आहे. दुष्काळात जनावरं जगवायला उघडलेली. ते म्हणाले, "आधी शुद्धीत हाय म्हणून लिही. मग मालमत्ता. मग कुणाला काय."

मी विचारलं, "भेलेलं असलं तर चालतं का?"

"भेलेला माणूस शुद्धीतच असतो. बेशुद्धाला कशाचं भ्या?"

मग ते म्हणाले की अमावस्येला असला कागद करू नये, उद्या पाडव्याला कर. पण उद्याचंच तर आहे सगळं. उद्या दिवस कलला की छावणीत आमची कुस्ती आहे, माझी आणि माझा जोडीदार गहिनीनाथ याची. त्यात गहिनीनाथ मला खांद्यावर उचलून लोखंडी ड्रमावर चढणार आणि तिथून खाली टाकणार. हे ठरलेलं आहे. मी पडून राहणार, लोक गप होणार, मग मी उठणार. हेही ठरलेलं आहे. त्यातलं पडण्याचं नक्की आहे. उठण्याचं मला आज खात्रीनं सांगता येत नाही.

कलम पहिलं. घर आणि जमीन.

आम्ही मेंढरामागची माणसं. ज्या वावरात मेंढरं बसली ती त्या दिवसाची जमीन. सातबाऱ्यावर आमचं नाव कुठंच सापडणार नाही, शोधू नये. वस्तीवर बापाची पत्र्याची एक खोली आहे. तिच्यावर माझे चुलते आप्पाराव यांचा ताबा आहे. तो बेकायदेशीर आहे असं माझा बाप मरेपर्यंत म्हणत होता. आता त्या भांडणातला एक भाऊ मेला आणि दुसऱ्याचा बैल मेला. तेव्हा ते भांडण मी या कलमानं मिटवतो. खोली आप्पांची. आईला तिथं चूल मांडायला आडकाठी करू नये, एवढंच.

कलम दुसरं. घोंगडं.

काळं घोंगडं माझी आई चतुराबाई हिला. ते तिनंच लोकर कातून करवून घेतलेलं आहे, म्हणजे तिचं तिला परत. घोंगडं सिरसाळ्याच्या बाजारात एकदा चोरीला गेलतं, तेव्हा मी तिथल्या हॉटेलात कपबशा धूत होतो. नववीतून शाळा सुटली होती, मग ऊसतोडीला गेलतो, तिथनं कोयता टाकून पळालो, कारण मुकादम एका जागी थांब म्हणायचा आणि मला ते जमत नाही. चोर सापडला तो कुस्तीच्या तंबूत. घोंगडं अंथरून त्याच्यावर बसून कुस्ती बघत होता, चांगला पन्नाशीचा माणूस. मी घोंगडं ओढलं तर म्हणाला, "थांब रे, तेवढी संपू दे." मग मीही त्याच्या शेजारी बसलो. ती जत्रेतनं जत्रेत फिरणारी फ्री-स्टाइल कुस्तीची कंपनी होती. बुरखे घातलेले पहिलवान, बत्त्या, भोंगा. त्या तंबूतनं मी परत हॉटेलात गेलोच नाही. घोंगड्याचं कलम आहे, भलतीकडं गेलो. पुढं.

कलम तिसरं. विद्या.

मला एकच विद्या येते, पडायची. ती गहिनीनाथनं शिकवली. तो कंपनीतला जड पहिलवान, मी हलका, म्हणून उडायचं काम माझं. "हनुवटी छातीला चिकटव. तळहात आधी आपट. दम सोडून पड, धरून पडशील तर बरगडी जाईल." आवाज मोठा आणि मार छोटा, असं ते काम आहे. पण पूर्ण खोटं ते नाही. अंग खरंच वरून खाली येतं. खाली जे असेल त्याच्यावरच येतं.

आप्पा याला नुरा कुस्ती म्हणतात, म्हणजे आधीच ठरवून केलेली. त्यांनी तरुणपणी लाल मातीत कुस्त्या केल्या, मनगटात चांदीचं कडं मिळवलं. माझ्याबद्दल ते चारचौघांत म्हणाले आहेत, "आमच्या घरात पहिलवान झाला न्हाई, नाच्या झाला." हा शब्द मी विसरलेलो नाही, तो इथं नोंदवून ठेवतो.

दुष्काळानं जत्रा आटल्या, कंपनी मोडली. मालक तंबू विकून गावाकडं गेला. आई दोन गाया घेऊन आणि आप्पा त्यांचा बैल घेऊन या छावणीत आलेले होते, म्हणून मीही आलो आणि गहिनीनाथला बरोबर आणलं. त्याला मागं कुणी नाही.

कलम चौथं. उद्याची कुस्ती का करावी लागते त्याचा खुलासा.

याला कलम म्हणता येत नाही असं राधाकिशनभाऊ म्हणाले, पण लिही म्हणाले.

संस्थेच्या हापिसात एक टीव्ही आहे. संध्याकाळचं दूध घालून झालं की छावणीतली माणसं त्याच्यासमोर बसायची, बातम्या बघायला. आणि दर वेळेला कुणीतरी म्हणायचं, "तेवढं मारामारीचं लावा." म्हणजे ती परदेशातली कुस्ती. पोरं कमी, मोठी माणसंच जास्ती. धोतरवाले पुढं, बाया मागं कळशी घेऊन, म्हणजे पाण्याला निघाल्यासारख्या. भाषा कुणालाच कळायची नाही.

"ह्यो त्याच्या सासऱ्याला मारतोय व्हय?"

"सासरा न्हाई, मॅनेजर हाय त्याचा."

"मंग बराबर हाय. हाण."

आप्पा दारात उभे राहून बोलायचे. "कावून बघता बे हे? दाढ्या पांढऱ्या झाल्या तुमच्या. सगळं ठरलेलं असतं त्यांचं आधी."

त्यावर कडूबाई बोलली. कडूबाई म्हणजे आमच्या दावणीशेजारची म्हातारी, तिची हरणी नावाची एकच गाय आहे. ती म्हणाली, "ठरलेलं हाय म्हणूनच बघते मी. न ठरलेलं दिसभर बघतोयच की आपण. ह्या टीव्हीत कसं, कितीबी आपटला तरी गडी उठतो. आपल्या दावणीला बसलेलं उठत न्हाई."

आप्पा निघून गेले.

बाहेरच्या माणसाला हे कळणार नाही म्हणून लिहितो. उपाशी जनावर उभं असतं तोवर जनावर असतं. एकदा बसलं की त्याला आपापलं उठता येत नाही. मग पोटाखालून पोती घालायची, दोन्हीकडून बांबू, आणि माणसांनी वर घ्यायचं आणि धरून ठेवायचं. पायांनी भार घेतला तर वाचलं. गहिनीनाथ आणि मी छावणीत तेच काम करतो, जनावरं उठवायचं. आप्पांचा बैल आम्हीच धरला होता. आप्पा त्याच्या तोंडापाशी उकिडवे बसून म्हणत होते, "ऊठ बे. ऊठ." मी तो आवाज त्याआधी कधी ऐकला नव्हता. बैलाचे पाय वाकले ते वाकलेच.

मग लाइट जायला लागली. टीव्ही बंद म्हटल्यावर माणसं अंधार पडायच्या आत आपल्या जनावरापाशी जाऊन नुसती बसायची. ते फार वाईट दिसायचं. तेव्हा चेअरमन अर्जुनराव आम्हाला म्हणाले, "तुमी ते काम करत होता न्हवं? मंग करा की हितं."

लाल मातीचा हौद करायचा तर पाणी, ताक, तेल लागतं. इथं टँकरवर जनावरं उभी. म्हणून गोदामाच्या फळ्या दगडावर मांडल्या, त्याच्यावर भुशाची पोती, वरून निळी ताडपत्री. भुसा एका ट्रकमधनं भिजून आलेला, काळा पडलेला. जनावराला घालू नका म्हणून संस्थेनं बाजूला काढला होता, तो आमच्या कामी आला. कडेचे दोर म्हणजे दावी. ज्यांना दाव्याची गरज उरली नाही अशा जनावरांची. ती एकमेकाला बांधून चारी बाजूंनी ओढली. त्यांना अजून वास येतो.

आठवड्याच्या बाजारादिवशी आमची कुस्ती. पहिल्यांदा मी आपटलो तेव्हा गर्दीतून एक बाई "आगं आई" म्हणाली आणि मी उठलो तेव्हा सगळी छावणी हसली. टाळ्या नाही, हसणं. खूप दिवसांनी पाऊस आल्यावर हसतात तसं. त्या हसण्यासाठी मी कुठूनही पडलो असतो. हे खोटं नाही लिहीत.

कलम पाचवं. पोती.

आता जे लिहितो ते गहिनीनाथ सोडून बाकीच्यांनी माझ्या पश्चातच वाचावं. अर्जुनरावांनी तर कधीच वाचू नये.

चारा कमी यायला लागला तसा पोत्यातला भुसा जायला लागला. काळा असला तरी उन्हात वाळवून झाडला की भुसाच तो. बाया पोत्याची शिवण उसवायच्या, ओटाभर घ्यायच्या आणि परत शिवायच्या. मला पहिल्यांदा टाचेला कळलं. पडायच्या आधी मी सगळ्या पोत्यांवर टाच दाबून बघतो, ती सवय. टाच आत जायला पाहिजे ती गेली नाही. पोतं भरलेलं होतं, पण टणक. शिवण उसवली तर आत गोवऱ्या. शेजारच्यात मुरूम. एकात फुटकी कौलं, चिंधीत नीट गुंडाळलेली.

मी कडूबाईला तिच्या पोत्यापाशीच गाठलं. सुई दोरा तिच्या हातात होता. ती लाजली नाही.

"मावशे, भुसा नेलास?"

"नेला. हरणीनं काल मान टाकलीया."

"आन गवऱ्या कावून भरल्या?"

"म्हंजे? दुसऱ्याचं भांडं रिकामं द्यावं का कुणी? आपल्यात देतेत का? भुसा नेला तर काय तरी ठिवायला नको? चुलीला व्हतील तुला."

खरंच आहे. आमच्याकडं शेजारणीची वाटी सुद्धा रिकामी परत जात नाही, चिमूटभर साखर नाही तर मिठाचा खडा टाकतात. या बायांनी चोरी केली नाही. उसनं नेलं आणि रिवाज पाळला. जिच्या घरात कौलाशिवाय काही नाही तिनं कौलं ठेवली.

मी म्हटलं, "मावशे, मी पडतो त्याच्यावर."

ती माझ्याकडं बघून हसली. दात नाहीत तिला. म्हणाली, "तुला काय लागतंय बाबा. तुझं खोटंच असतं न्हवं?"

तिला खरं सांगायचं म्हणजे छावणीत एकच गोष्ट अशी होती की जी पडते आणि उठते, तीही खरीच पडते, असं सांगायचं. मग ती बघेल कशी? आणि अर्जुनरावांना सांगायचं म्हणजे पोत्यांवर राखणदार बसणार, आणि छावणीचा माल नेला म्हणून जिची शिवण सापडेल तिच्या जनावराचं नाव दावणीवरून कमी होणार. हरणीचं पहिलं. मला दोन्ही बाजूंनी तोंड उघडता येत नाही.

मागच्या बाजारादिवशी मी पडलो तो गोवऱ्यांवरच, आणि फळीचा खिळा वर आलेला. दम गेला तो परत येईना. लोकांना वाटलं नाटक. डाव्या हाताची बोटं त्यानंतर दोन दिवस मुंग्या आल्यासारखी होती, आजही करंगळी माझी वाटत नाही. पण त्या वेळेला एक झालं. मी पडलेलो असताना, मागं अंधाऱ्या बाजूनं, जिथं वगारी, म्हणजे म्हशीच्या पारड्या, बांधतात तिथनं, आवाज आला, "ऊठ बे." मी तो आवाज ओळखला आणि उठलो. बघितलं तर आप्पा पाठ करून चालले होते, आपण तिथं नव्हतोच असं.

उद्या ड्रमावरून. टीव्ही चालू होता तेव्हा अर्जुनरावांनी त्यात शिडीवरून गडी टाकताना बघितलेलं. मी त्यांना म्हटलं, साहेब, ड्रम नको. तर म्हणाले, "पाडवा हाय. लोकांच्या घरी गोडधोड न्हाई, निदान हे तरी मोठं व्हऊ दे." ते वाईट माणूस नाहीत. ते फक्त खालून बघतात.

गहिनीनाथला पोत्यांचं माहीत आहे. आम्ही दोघांनी मिळून जेवढी मऊ पोती उरली तेवढी उगवतीच्या कोपऱ्यात सरकवली आणि ताडपत्रीवर चुन्याचा ठिपका दिला. त्यानं मला तिथं टाकायचं. तिथं पडलो तर उठेन. पण गहिनीनाथ आता एक वेळ जेवतो आणि उरलेली भाकर कुणाच्या तरी वासराला घालतो. जनावर उचलून धरताना मी त्याचे दंड बघतो. थरथरतात. आज सकाळी त्यानं मला सरावाला वर घेतलं आणि ड्रमावर चढताना त्याचा गुडघा हलला. त्यानं मला हळूच खाली ठेवलं आणि म्हणाला, "चहा घ्यायचा का?"

मी पळून का जात नाही, असं कुणी विचारील. मी सगळीकडून पळालेलो आहे, शाळेतनं, उसातनं, हॉटेलातनं. कडा गावाला जाणारी एसटी सकाळी फाट्यावरनं जाते. काल मी फाट्यापर्यंत जाऊन आलो. गाडी आली, थांबली, कंडक्टरनं विचारलं, चढतो का. मला कडूबाईचं ते खोटंच असतं न्हवं आठवलं. मी परत आलो. शूर म्हणून नाही. मला अजून भ्या वाटतंय, हे लिहितानाही.

कलम सहावं. वाटप.

मोबाईल, काच फुटलेला, आप्पांना. त्यात कुस्त्या भरलेल्या आहेत. आप्पांनी तो कधी मागितलेला नाही. पण तो माझ्या उशाखालून जातो आणि चार्जिंग संपून परत येतो. तेव्हा आता उजळमाथ्यानं वापरावा.

बुरखा, लाल, परकराच्या कापडाचा, अर्जुनरावांना. त्यांनी तो एकदा घालून त्या ड्रमावर उभं राहावं आणि खाली बघावं. दुसरी काही अट नाही.

बूट कुणी घालू नयेत. ते पुरावेत किंवा भंगारात द्यावेत, पण कुणा हलक्या पोराच्या पायात जाऊ देऊ नयेत.

रोख पैसा मोजण्यासारखा नाही म्हणून मोजत नाही. आईनं तो माझ्या दिवसकार्यावर खर्च करू नये.

चुन्याच्या कोपऱ्यातली पोती, त्यातल्या भुशासकट, कडूबाईच्या हरणीला. बाकी पोत्यातल्या गोवऱ्या आईच्या चुलीला. अशानं कुणाचंच भांडं रिकामं परत जाणार नाही.

गहिनीनाथला मी काही ठेवत नाही. ज्याला मिळणार त्यानं साक्षीदार होऊ नये असं राधाकिशनभाऊ सांगतात, आणि मला साक्षीदार तोच पाहिजे. उद्या माझ्या सगळ्यात जवळ तोच असणार. त्याच्या हातून चुकलं तर त्याच्यावर कुणी आळ घेऊ नये, पोलीस करू नये. तो थकलेला माणूस आहे आणि त्यानं मला पुष्कळ वेळा अलगद ठेवलेलं आहे.

कलम सातवं. मी उठलो नाही तर काय करावं.

लोकांत ओरडा होऊ देऊ नये. मी पडून राहिलो की गहिनीनाथनं आणि चार गड्यांनी पोटाखालून पोती घालून, दोन्हीकडून बांबू घेऊन, जनावराला घेतात तसं मला उभं धरावं आणि उभंच गोठ्यामागं न्यावं. डोकं खाली लोंबू देऊ नये, बुरखा काढू नये. एकानं माझा हात वर करावा. लोकांना वाटेल मी उठलो. कडूबाईला तर नक्की वाटलं पाहिजे. पुढचं काय ते दुसऱ्या दिवशी सांगावं, किंवा हरिबा निघून गेला, त्याला एका जागी जमत नाही, असं सांगावं. हे कुणालाही खरं वाटेल. आईला मात्र खरं तेच सांगावं.

पण त्याआधी एक. उचलायची घाई करू नये. आप्पा वगारींच्या मागं अंधारात उभे असतीलच. त्यांना पुढं बोलावू नये, नाव घेऊ नये, ते लाजून निघून जातील. त्यांना त्यांचं एकदा ओरडू द्यावं. ती हाक ऐकूनही मी उठलो नाही, तरच हा कागद लागू झाला असं धरावं. उठलो तर राधाकिशनभाऊंनी तो फाडून चुलीत घालावा, आणि आप्पांना नाच्या शब्दाचं काही बोलू नये.

वर लिहिलेलं मी स्वतः लिहिलं, वाचून बघितलं, कुठं कुठं शब्द चुकले ते तसेच ठेवले. याआधी मी कधी असा कागद केलेला नाही, करण्यासारखं काही नव्हतं.

सही: हरिबा धुळाजी देवकते

साक्षीदार एक: राधाकिशन, सेक्रेटरी, दूध संस्था. माझ्यासमोर सही केली. शुद्धीत होता.

साक्षीदार दोन: गहिनीनाथ. मी वाचलं. ठिपक्यावरच टाकीन.

ठिकाण: चारा छावणी, मौजे हिवरपांढरी, ता. आष्टी, जि. बीड
तारीख: १० एप्रिल २०१३, बुधवार, फाल्गुन अमावस्या